वाफ, वीज आणि पेट्रोल : एका जुन्या निवडीचा इतिहास

मोटारगाडी घ्यावयाची ठरली, म्हणजे आजच्या गृहस्थापुढे चार वाटा उभ्या राहतात : पेट्रोलची, डिझेलची, पेट्रोल व वीज यांची सांगड घातलेली हायब्रीड, आणि केवळ विजेची. घरातील तरुण मंडळी विजेचा पक्ष घेतात, वडीलमंडळी पेट्रोलचा. आणि एखादा हिशेबी माणूस कागद-पेन्सिल घेऊन दर किलोमीटरचा खर्च मांडीत बसतो. पक्ष निराळे असले तरी एक समजूत सर्वांस मान्य असते. ती ही की, पेट्रोलची गाडी जुनी आणि विजेची नवी. जुन्याने नव्यास वाट द्यावी की न द्यावी, एवढाच काय तो प्रश्न. ही समजूत इतिहासास धरून नाही. हा वाद सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा रंगला होता, त्या वेळी अमेरिकेच्या बाजारात विजेची गाडी पेट्रोलच्या पुढे होती, आणि पुढे तिचा पराभव झाला. तो कसा झाला हे पाहण्याजोगे आहे. कारण अशा निवडीत निवडणाऱ्याच्या हाती किती असते आणि किती नसते, हे त्यावरून उमगते.

१९०० च्या सुमारास अमेरिकेत वर्षाकाठी तयार होणाऱ्या मोटारींची संख्या अवघी ४,१९२ होती. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. यात नवल करण्यासारखे काही नव्हते. वाफेचे यंत्र लोकांच्या ओळखीचे, दणकट आणि ताकदीचे होते. परंतु वाफ धरेपर्यंत धन्यास तिष्ठत राहावे लागे, आणि वाटेत पाण्याची सोय पाहावी लागे. पेट्रोलची गाडी धडधडे, थरथरे, दुर्गंध सोडी. ती सुरू करण्यासाठी पुढील बाजूस लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे. आणि इंजिनाने उलट हिसका दिला तर मनगट मोडण्याचीही पाळी येई. या दोघींच्या शेजारी विजेची गाडी म्हणजे केवळ शालीनतेचा पुतळा! आवाज नाही, धूर नाही, गिअर बदलण्याची यातायात नाही. कळ दाबली की ती निघाली. वेगातही ती मागे नव्हती. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ज्या मोटारीने प्रथम ओलांडली ती विजेचीच होती. बेल्जियमच्या कामिय जेनात्झी याने १८९९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळ हा पराक्रम केला. त्याच्या गाडीच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘कधीही संतुष्ट नसलेली’ असा होता.

मग ही गुणी गाडी हरली का? पहिले कारण तिच्या पोटातच होते. एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे १२,००० वॉट-तास उष्णता निघते. इंजिन तिचा तीनचतुर्थांश भाग वाया दवडते असे धरले, तरी ३,००० वॉट-तास कामी येतात. उलट त्या काळच्या शिशाच्या बॅटरीत किलोमागे वीस-तीस वॉट-तासच साठत. विजेची मोटर अत्यंत काटकसरी खरी. पण शिदोरीच इतकी तोकडी, की काटकसर करून करून ती किती करणार? लंडनमध्ये वॉल्टर बर्सी याच्या योजनेप्रमाणे १८९७ साली विजेच्या भाड्याच्या गाड्या निघाल्या. बॅटऱ्यांच्या ओझ्याने टायर झिजले, दुरुस्तीचा खर्च वाढला, आणि १८९९ मध्ये तो धंदा बसला. थॉमस एडिसनने लोखंड व निकेल यांची निराळी बॅटरी सिद्ध करण्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली. बॅटरी टिकाऊ झाली. पण ती पुरेशी चांगली होईपर्यंत बाजार हातचा निसटला होता.

तथापि सारा दोष बॅटरीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. दुसरे कारण गाडीच्या बाहेर, रस्त्यावर होते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची पत्नी बर्था ही दोन मुलांस बरोबर घेऊन, नवऱ्याच्या नकळत, त्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. वाटेत इंधन संपले तेव्हा तिने वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले. कारण ते द्रव्य डाग काढण्यासाठी तेथे ठेवीत असत. या लहानशा प्रसंगात पुढील सगळ्या इतिहासाचे बीज आहे. पेट्रोल डब्यात भरून कोणत्याही खेड्यात नेता येई. विजेची तार मात्र शहराच्या वेशीपाशी थांबत असे. तशात १९०१ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड झरा फुटला. त्याच सुमारास घरोघरचे रॉकेलचे दिवे जाऊन विजेचे दिवे लागत होते, आणि तेलाच्या व्यापाऱ्यांस नवे गिऱ्हाईक हवे होते. विजेने दिव्यातून हुसकलेले तेल मोटारीत शिरले, आणि तेथून त्याने विजेस बाहेर काढले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

किमतीचे कारण तिसरे. हेन्री फोर्डचे ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये ८५० डॉलरांस निघाले. १९१६ पर्यंत ते ३६० डॉलरांवर उतरले. विजेची गाडी याच्या कित्येक पटींनी महाग राहिली, आणि श्रीमंत घरच्या स्त्रियांचे वाहन म्हणून तिची जाहिरात होऊ लागली. खुद्द फोर्डची पत्नी क्लारा ही ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ नावाची विजेची गाडी वापरीत असे! बायकांची गाडी म्हटल्यावर पुरुषांनी तिच्याकडे पाठ फिरवली. गुणालाच वैगुण्य मानण्याची ही तऱ्हा आपल्याकडेही अनोळखी नाही.

शेवटचा घाव मात्र विजेनेच विजेवर घातला. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने दुकानातील गल्ल्याच्या यंत्रास विजेची मोटर जोडून दाखवली होती. गल्ल्याचा खण क्षणभर जोराने उघडावा लागतो, मोटर सतत चालावी लागत नाही. तेव्हा लहानशी मोटरही त्या क्षणापुरता मोठा भार सोसू शकते, हे त्याने ओळखले. हीच युक्ती त्याने इंजिनास लावली, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीवर विजेचा स्टार्टर बसला. हँडल फिरविण्याची आपत्ती टळली, आणि विजेच्या गाडीचा उरलासुरला मोठा फायदाही गेला. प्रतिस्पर्ध्याच्या घरी चाकरी पत्करून विजेने आपल्याच गाडीचा बाजार उठविला.

वीज म्हणजेच दुबळी, असा अर्थ यातून कोणी काढील तर त्याने मुंबईकडे पाहावे. ७ मे १९०७ रोजी तेथे घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम धावली; ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली; आणि १ जून १९३० पासून ‘डेक्कन क्वीन’ विजेच्या बळावर बोरघाट चढू लागली. ज्या वर्षांत रस्त्यावरील विजेची मोटार नामशेष होत होती, त्याच वर्षांत रुळांवरची वीज घाट जिंकीत होती. शक्ती तीच, फरक एवढाच की, येथे कोणी तरी तार टाकून ठेवली होती, आणि तेथे तिला आपली शिदोरी स्वतःच्या पाठीवर वाहावी लागत होती.

हायब्रीडची आणि डिझेलची कथाही याच सूत्रात ओवलेली आहे. इंजिनाने वीज निर्माण करावी आणि विजेने चाके फिरवावीत, ही कल्पना व्हिएन्ना येथे लोनरच्या कारखान्यात तरुण फर्डिनंड पोर्शे याने १९०० च्या सुमारासच प्रत्यक्षात आणली होती. तिच्यासाठी बाजार तयार व्हावयास टोयोटाच्या ‘प्रियस’पर्यंत, म्हणजे १९९७ सालापर्यंत, वाट पाहावी लागली. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. पण मर्सिडीज-बेन्झने डिझेलची प्रवासी मोटार बाजारात आणली ती १९३६ साली. आपल्या देशात डिझेल स्वस्त ठेवले गेले ते शेतकऱ्यासाठी व मालवाहतुकीसाठी. २०१० साली पेट्रोलचे दर मोकळे झाले, डिझेलचे बांधलेलेच राहिले, आणि मध्यमवर्गीयांच्या डिझेल मोटारींवर उड्या पडल्या. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचेही दर मोकळे झाले. २०१५ साली फोक्सवॅगनने अमेरिकेतील धुराच्या तपासणीत केलेली लबाडी उघडकीस आली. २०२० च्या एप्रिलपासून आपल्याकडे धुराचे नियम कडक झाले, तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी करणेच थांबविले. दहा वर्षांच्या आत शहाणपणाची निवड मूर्खपणाची ठरली. आणि या अवधीत ग्राहकाची अक्कल काही बदललेली नव्हती, बदलले होते ते सरकारी दर व नियम.

आज बॅटरीची शिदोरी मोठी झाली आहे. लिथियमच्या बॅटरीत किलोमागे दीडशे ते अडीचशे वॉट-तास साठतात, म्हणजे जुन्या शिशाच्या बॅटरीहून आठ-दहा पट. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. परंतु त्या देशाने वर्षानुवर्षे विजेच्या गाड्यांवरील कर माफ केले, आणि तेथील वीज बहुतांशी धबधब्यांची आहे. आपल्याकडील विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशातून येतो. आणि इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाने खाली उभ्या गाडीस तार कोठून जोडावी, हा प्रश्न पुष्कळ सोसायट्यांच्या सभांत अजून मिटलेला नाही.

तेव्हा घरातील त्या हिशेबी माणसाचा कागद चुकीचा नाही, अपुरा आहे. रोजचे अंतर किती, गाडी रात्री कोठे उभी राहणार, ती किती वर्षे ठेवावयाची, हे त्याने अवश्य मांडावे; त्यावरून या वर्षीची निवड ठरेल. पण पुढील पंधरा वर्षांत ती निवड शहाणपणाची राहील की नाही, हे त्या कागदाबाहेर ठरते : तार कोठवर येते, दर कोण ठरवितो, कर कशावर बसतो, वीज कशापासून होते यांवर. १९०० साली विजेची गाडी घेणाऱ्या अमेरिकन गृहस्थाने यंत्र पारखून घेतले होते. त्याच्या गावाबाहेर तार कोणी नेली नाही, आणि ती नेण्याचा आग्रह त्यानेही धरला नाही. मोटार एकट्याने विकत घेता येते, रस्ता आणि तार एकट्याने घेता येत नाहीत. म्हणून दुकानात जितक्या चिकित्सेने आपण प्रश्न विचारतो, तितक्याच चिकित्सेने ते सोसायटीच्या सभेत, नगरपालिकेत आणि मतदानाच्या वेळीही विचारले पाहिजेत.