चू. भू. द्या. घ्या.

बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला वीसेक वर्षे बसलेल्या माणसाला दोन खोडी जडतात. समोरच्याच्या सहीकडे संशयाने पाहणे ही पहिली, आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी व्हाउचर तपासावे तशी तपासणे ही दुसरी. पहिलीबद्दल पगार मिळतो. दुसरीमुळे घरची माणसे आपल्याबरोबर फिरायला येणे बंद करतात.

वास्तविक मी कॉमर्सचा माणूस. बारावीला मराठीत किती गुण मिळाले हे मी अद्याप सौभाग्यवतींनासुद्धा सांगितलेले नाही. तरीपण हॉटेलात बसलो की आधी मेनूकार्ड सुधारून देतो आणि मग चहा मागवतो. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या बिलाखाली छापलेले असते, ‘चुक भुल देणे घेणे’. म्हणजे चूकही चुकलेली आणि भूलही भुललेली! मी एकदा त्याला हे समजावून सांगितले. तो साखर जोखता जोखता म्हणाला, “साहेब, म्हणून तर ते खाली लिहिलंय.”

आमची शाखा वाळूजला. शहरातून नगर नाका ओलांडून निघालो की माझी तपासणी सुरू होते. पाट्यांवर ‘वाळूज’ असते, ‘वाळुज’ असते, ‘वाळुंज’ असते आणि मधूनच एखादे ‘वालुज’ही असते. चारी बाण मात्र एकाच दिशेला दाखवतात, ही त्यातली सोय. वाटेत लागते ते पंढरपूर. आषाढीला तिथल्या विठोबापुढे रांगा लागतात, म्हणून लोक त्याला छोटे पंढरपूर म्हणतात. पाट्यांवर ते ‘पंढरपुर’ होते आणि पुढचे गंगापूर ‘गंगापुर’. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा असा आपल्या शुद्धलेखनात स्वतंत्र नियमच आहे. पण १९८५ साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग इतर कारखाने वाढले, कामासाठी देशभरातून माणसे आली आणि त्यांच्याबरोबर पाट्या रंगवणारेही आले. ज्याने जन्मभर ‘कानपुर’ लिहिले, आणि हिंदीत ते बरोबरच आहे, त्याच्या हाताने ‘गंगापुर’ लिहिले गेले तर त्या बिचाऱ्याला पूर आला नाही म्हणून किती झोडपायचे?

एका १ मे रोजी चौकात भला मोठा फलक लागला होता. ‘कामगार दीनाच्या हार्दीक शुभेच्छा!’ मी स्कूटर थांबवून फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी शाखेत सगळ्यांना दाखवला. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब बापडा, असे फोड करून सांगितले. सगळे हसले. पैसे काढायला आलेला एक कंत्राटी कामगार काउंटरपलीकडून ऐकत होता. तो म्हणाला, “बरोबरच लिहिलंय की, साहेब.” मी फोटो पुसून टाकला.

तेव्हापासून मला प्रश्न पडला की हे हसू आपल्यात आले कुठून? ऱ्हस्व-दीर्घ चुकले की खिशाला भोक पडल्यासारखे का वाटते? बँकेत एखाद्या खात्याचा मेळ लागला नाही तर आम्ही मागची पाने चाळत जातो. तशीच ही मागची पाने चाळली.

आणि काय सांगू, सुरुवातीलाच फजिती झाली. आपले पूर्वज शेकडो वर्षे सगळा कारभार मोडीत लिहीत होते. हिशेब, सनदा, खलिते, सावकाराची वही, सगळे मोडीत. आणि मोडी ही भरभर लिहायची लिपी, ती ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळतच नाही. इकार एकच, उकार एकच, काय ते वाचणाऱ्याने ओळखावे. म्हणजे १७५८ साली मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले तेव्हा ‘सिंधु नदी’ की ‘सिंधू नदी’ यावर कुणाचेही घोडे अडले नव्हते. शास्त्री-पंडित पोथ्या लिहीत ते बाळबोधीत, त्यांना ही चैन परवडत होती. कारकुनाला परवडत नव्हती. मी कारकून असल्यामुळे मला हे वाचून फार बरे वाटले.

मग आला छापखाना. विल्यम केरी नावाच्या मिशनऱ्याने बंगालमध्ये श्रीरामपूरला १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले आणि आपल्या भाषेचे नियम आपल्याच माणसाने सांगितले. छापायचे बाळबोधीत, शाळेत शिकवायचे बाळबोधीत, म्हणजे वेलांटी पहिली की दुसरी हे ठरवणे आले. ठरले की चुकणे आले, आणि चुकले की छडी आली. (खुद्द ‘ऱ्हस्व’ हा शब्द ‘ऱ्हस्व’ लिहावा की ‘ह्रस्व’, यावर अजून दोन पक्ष आहेत. मी दोन्ही पक्षांना नमस्कार करून पुढे जातो.)

आमच्या घरात मात्र ही छडी पोचायला आणखी बराच वेळ लागला, कारण आम्ही निजामाच्या मुलखातले. पैठणकडच्या आमच्या खेड्यात आजोबा शिकले ते उर्दूत. उर्दूत तर ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत, शहाण्याने समजून घ्यायचे असतात. पणजोबांची मोडी आणि आजोबांची उर्दू! म्हणजे आमच्या घराण्यात निदान दोन पिढ्या शुद्धलेखनाची एकही चूक झालेली नाही. चुकायला जागाच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. सरकारी कागद मराठीत यायला लागले. आजोबा पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिणावळ करीत. संसार सुरू झाल्यावर, पोथ्या आणि वर्तमानपत्रे वाचून वाचून त्यांनी बाळबोध अक्षर बसवले.

तेवढ्यात इकडे नियम बदलले! १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. १९६२ साली त्याचे १४ नियम शासनाने मान्य केले आणि १९७२ साली ४ वाढून ते १८ झाले. या नियमांनी एक फार मोठी साफसफाई केली. तोवर लोक ‘नाहीं’, ‘त्यानें’, ‘घरीं’ असे डोक्यावर टिंब देऊन लिहीत. उच्चारात नसलेली ती टिंबे एका फटक्यात गेली. ‘कवि’ आणि ‘प्रकृति’ लिहिणाऱ्यांना सांगितले की शेवटची वेलांटी आता दीर्घ. आमच्याकडे व्याजाचे दर बदलतात तेव्हा निदान जुन्या ठेवींना जुना दर मिळतो. इथे तीही सवलत नव्हती. काल ज्याने शुद्ध म्हणून लिहिले तो आज अशुद्ध! अनुस्वार शिल्लक राहिला तो उच्चारापुरता आणि अनेकवचन-आदरार्थापुरता. म्हणूनच आमच्या शाखेत ‘व्यवस्थापकाने सांगितले’ असे कुणी लिहीत नाही, ‘व्यवस्थापकांनी’ लिहितात. त्या एका टिंबात वार्षिक गोपनीय अहवाल असतो.

हा सगळा इतिहास १९९१ साली मला ठाऊक नव्हता. मी काकांकडे शहरात राहून शिकत होतो. वय अकरा, आणि नुकताच शुद्धलेखनात वर्गात पहिला आलेलो. आजोबांचे पोस्टकार्ड आले. ‘तुझी परिक्षा जवळ आली असेल. प्रकृति संभाळ.’ मी लाल बॉलपेन घेतले, ‘परिक्षा’ला गोल केला, ‘प्रकृति’ला गोल केला, ‘संभाळ’ला काना दिला, कोपऱ्यात दहापैकी सात लिहिले आणि ते पाकिटात घालून परत पाठवले. काकू म्हणाली, “अरे, आजोबा आहेत ते.” मी म्हणालो, “मग काय झालं? चूक ती चूक.”

आठ दिवसांनी उत्तर आले. सगळे कार्ड उर्दूत! तळाशी तेवढी एक ओळ मराठीत: ‘चुका काढून पाठव.’

घरात कुणालाच उर्दू येत नव्हते. शेवटी शहागंजात घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे मी ते घेऊन गेलो. डोळ्याची दुर्बीण काढून त्यांनी वाचले. परीक्षेची फी मनिऑर्डरने पाठवली आहे, मिळाली की कळव, आणि प्रकृती सांभाळ. मग म्हणाले, “बेटा, कुणी लिहिलंय? एकही गलती नाही.” पुष्कळ वर्षांनी १९६२ चे नियम वाचताना लक्षात आले की आजोबांची ‘प्रकृति’ही त्यांच्या पोथ्यांच्या हिशेबाने बरोबर होती. एक गुण मी अन्यायाने कापला होता. तो परत जमा करायला तोवर खाते उरले नव्हते.

असो. अक्षराची सगळ्यांत प्रसिद्ध चूक मात्र चूक नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘नारायणरावास धरावे’ या हुकुमातला ध आनंदीबाईंनी बदलून त्याचा मा केला, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आख्यायिकेपलीकडे तिला फारसा आधार नाही. पण बँकेतल्या माणसाला तिच्यात वेगळेच दिसते. इतका महत्त्वाचा कागद, त्यावर उघड खाडाखोड, आणि शेजारी देणाऱ्याची पूर्ण सही नाही! गारद्यांमध्ये एकही बँक क्लार्क नव्हता, नाहीतर कागद तिथेच परत गेला असता. आता तर नियम आणखी कडक आहेत. डिसेंबर २०१० पासून चेकवर, तारखेचा अपवाद सोडला तर, सही करूनसुद्धा दुरुस्ती चालत नाही.

कायदाही अक्षराला मानतो. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १८ सांगते की चेकवर अंकातली आणि अक्षरातली रक्कम जुळली नाही तर अक्षरातली खरी धरावी. मी कॉमर्सचा असूनही मला हे कलम आवडते. मात्र अक्षरात ‘चाळिस’ ऱ्हस्व आहे म्हणून चेक परत केल्याचे मी तरी पाहिलेले नाही. पैशाला वेलांटी लागत नाही.

नावाला लागते. काही वर्षांपूर्वी एक मावशी आल्या. नवरा वारला होता, त्याच्या नावावर तीस हजारांची ठेव होती, वारस म्हणून यांचेच नाव होते. कागद मी पाहिले. मृत्यूच्या दाखल्यावर इंग्रजीत ‘विठ्ठल’मध्ये दोन टी, आमच्या ठेवपावतीवर एकच. मी फॉर्म परत केला. प्रतिज्ञापत्र आणा म्हटले, ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत असे.

“लेकरा, मह्या मालकाचं नाव इठ्ठल. साऱ्या गावाला ठावं हाय.”

“मावशी, गावाला ठाऊक आहे हो. कॉम्प्युटरला नाही.”

दोन दिवसांची मजुरी बुडवून त्या गंगापूरहून प्रतिज्ञापत्र करून आल्या. मी वाचले आणि डोक्याला हात लावला. टायपिस्ट शुद्धलेखनाचा भोक्ता निघाला. त्याने आमची चूक सुधारून दोन्ही ठिकाणी दोन-दोन टी घातले होते. दोन टीचा विठ्ठल आणि दोन टीचा विठ्ठल ही एकच व्यक्ती आहे, असे मावशींनी शपथेवर सांगितले होते! साहेब म्हणाले, “यात चूकच नाही. चालणार नाही.”

मावशींना बाकावर बसवून मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि २००९ चा मूळ फॉर्म शोधून काढला. गृहस्थ अंगठा लावणारे. नाव तोंडाने सांगितलेले, फॉर्म भरला होता बँकेच्या माणसाने. अक्षर ओळखीचे वाटले. कोपऱ्यात छोटी सही होती. माझीच. समोर रांग मोठी असेल, मी एक टी खाल्ला होता.

साहेबांपुढे टिपण ठेवले: ‘नावातील तफावत शाखेच्या चुकीमुळे, सबब दावा मंजूर व्हावा.’ ते चष्म्यावरून म्हणाले, “लेखी देताय?” म्हटले, “देतोय.” चार दिवसांनी मावशींना पैसे मिळाले. चुकले कुणाचे होते ते मी त्यांना सांगितले. त्या नोटा पदराच्या गाठीत बांधत होत्या. म्हणाल्या, “आसू दे लेकरा. मला वाटलं, त्यायचंच नाव चुकलं का काय जन्मभर.”

पुढच्या महिन्यात वरच्या ऑफिसातून मला पत्र आले. सदर चुकीबाबत आपले ‘स्पष्टिकरण’ तीन दिवसांत सादर करावे. ‘ष्टि’ ऱ्हस्व. हात सवयीने लाल पेनाकडे गेला, टोपणही निघाले. मग ते परत लावले आणि निळ्या पेनाने उत्तर लिहायला बसलो.