पवनार येथील एकांतसाधना

वर्ध्यापासून सु. ८ किमी. अंतरावर, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत धाम नदीच्या काठी पवनार हे गाव आहे. आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५–१५ नोव्हेंबर १९८२) यांनी येथे दोन वेळा, प्रथम १९३८ मध्ये व पुन्हा १९७० नंतर, अंगावरील कार्याचा भार बुद्धिपुरस्सर खाली ठेवला. पहिला प्रसंग प्रकृती खचल्यामुळे आला. दुसरा प्रकृतीपेक्षा विचारातून आला. सार्वजनिक जीवनातील माणसाने कामातून निवृत्त व्हावे की नाही, व्हावे तर केव्हा, हा प्रश्न या दोहोंच्या मुळाशी आहे.

वर्धा येथील आश्रमाची जबाबदारी विनोबांनी १९२१ मध्ये स्वीकारली. आश्रम, खादी, ग्रामसेवा, अध्यापन आणि अधूनमधून तुरुंगवास असा त्यांचा त्यानंतरचा क्रम होता. वर्ध्याजवळच्या नालवाडी येथे असताना केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी केला. दिवसाचे आठ-नऊ तास कातावे, मिळेल तेवढ्यात खावे, आणि उरलेल्या वेळात बाकीची सर्व कामे करावीत, असा तो प्रयोग होता. मजुरी इतकी तुटपुंजी होती, की त्यातून पुरेसा आहार मिळणे अशक्यच होते. कातणाऱ्या स्त्रियांचे दारिद्र्य या प्रयोगाने कोणत्याही अहवालापेक्षा अधिक स्पष्ट केले. पण त्याची किंमत शरीराला द्यावी लागली. १९३८ च्या आरंभी विनोबांचे वजन ८८ पौंडांपर्यंत उतरले होते.

त्या वेळी महात्मा गांधी जवळच सेवाग्रामला राहत होते. स्वतः त्यांनाही १९३७ च्या अखेरीस रक्तदाब वाढल्यामुळे जुहू येथे सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती. विनोबांनी थंड हवेच्या ठिकाणी जावे, असे त्यांनी सुचविले. विनोबांनी त्याऐवजी पवनार निवडले. तेथे नदीपलीकडच्या टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. ७ मार्च १९३८ रोजी मोटारीने धाम नदीचा पूल ओलांडत असताना, आपण आश्रम, ग्रामसेवा, सर्व काही सोडले, असे विनोबांनी मनाशी त्रिवार म्हटले. संन्यासदीक्षेतील संकल्पाचाच हा प्रकार होता. मात्र येथे त्यागाचा विषय घरदार नसून लोकसेवा हा होता. घरदार त्यांनी १९१६ मध्येच सोडले होते. विश्रांतीला गेलेला कार्यकर्ता बहुधा चिंतांचे गाठोडे बरोबर नेतो आणि पत्रव्यवहारातून तेच काम दुरून करीत राहतो. विनोबांनी ते गाठोडे पुलाअलीकडे ठेवले, यात त्यांच्या उपचाराचे मर्म दिसते. धामच्या पलीकडचे म्हणून या स्थानाला त्यांनी ‘परंधाम’ हे नाव दिले.

मन मोकळे झाल्यावर शरीराचा विचार सुरू झाला. बंगल्याभोवतालच्या जमिनीत त्यांनी कुदळ चालविण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी केवळ पाच मिनिटे खणून ते थांबले; पुढे दररोज थोडी थोडी वाढ करीत गेले. शक्ती संपेपर्यंत काम करावयाचे नाही, हा नियम त्यांनी कसोशीने पाळला. सु. दहा महिन्यांत त्यांचे वजन ४० पौंडांनी वाढले. याच सुमारास त्यांचे कुराणाचे अध्ययनही चालू होते. म्हणजे हा काळ आळसाचा नव्हता, तर कामांची संख्या कमी करून एकेका कामाला पुरेसा अवकाश देण्याचा होता. खणताना भूमीतून जुनी शिल्पे निघाली. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे वा. वि. मिराशी यांचे मत असून येथील प्राचीन अवशेष सर्वज्ञात आहेत. सापडलेल्या शिल्पांत राम व भरत यांच्या भेटीचे एक शिल्प होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत विनोबांनी या भेटीचे चित्र कल्पनेने रंगविले होते. त्यामुळे या प्राप्तीला त्यांनी ईश्वरी प्रसाद मानले आणि पुढे ती मूर्ती आश्रमात स्थापन केली.

या एकांताचा शेवट कार्यातच झाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा पवनारमधूनच पुढे आले. स्वातंत्र्यानंतर १९५०–५१ च्या सुमारास त्यांनी येथे ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग आरंभिला. पैशांच्या रूपातील देणग्या बंद झाल्या, बैलांवाचून ‘ऋषिशेती’ सुरू झाली, विहिरीवरील रहाट आश्रमवासी स्वतः फिरवू लागले. अमेरिकन लेखक थोरो यानेही १८४५–४७ मध्ये वॉल्डन सरोवराकाठी साध्या राहणीचा असाच प्रयोग केला होता. पण तो एकट्याचा होता व दोन वर्षांनी संपला. पवनारच्या प्रयोगाला समूहाचे रूप आले. २५ मार्च १९५९ रोजी येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. शरीरश्रम, सामूहिक साधना व सर्वसंमतीने निर्णय या तत्त्वांवर ते स्त्रियांनी चालवावे, अशी विनोबांची योजना होती. स्त्रियांना स्वतंत्र आध्यात्मिक जीवनाचा अधिकार देणाऱ्या संस्था अल्पच असल्याने या घटनेला विशेष महत्त्व आहे.

मध्यंतरी भूदानाचे पर्व सुरू झाले होते. शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी विनोबा मार्च १९५१ मध्ये पवनारहून पायीच निघाले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. पायी चालण्याची संथ गती हेच या चळवळीचे बळ होते. परंतु १९५७ पर्यंत पाच कोटी एकर मिळविण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले गेले आणि चळवळीला घाई सुटली. तेरा वर्षांची पदयात्रा १९६४ मध्ये संपली. १९६५ नंतर बिहारमध्ये वाहनातून ‘तुफान’ यात्रा झाली. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दान मिळाली, पण तीपैकी बरीचशी नापीक निघाली वा वाटपावाचून राहिली. नावातच वेग असलेल्या या यात्रेच्या ऐन भरात, ७ जून १९६६ रोजी, विनोबांनी ‘सूक्ष्म प्रवेश’ जाहीर केला, हे लक्षणीय होय. प्रत्यक्ष कार्यापेक्षा चिंतनाने अधिक काम होते, अशी त्यांची धारणा होती. ७ ऑक्टोबर १९७० पासून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला व पवनारबाहेर न जाण्याचे ठरविले. आश्रमाच्या आवारातील काडीकचरा वेचण्याचे काम ते तासन्‌तास करीत. पाहणाऱ्यास ते वार्धक्याचे क्षुल्लक काम वाटे, त्यांच्या लेखी तो ध्यानाचाच प्रकार होता.

मात्र १९३८ चा त्याग व हा त्याग यांत मोठा फरक पडला. त्या वेळी सोडलेले काम सांभाळण्यास गांधी होते. १९७० मध्ये विनोबांच्या मागे त्यांच्याच नावावर चाललेली देशव्यापी चळवळ होती. जयप्रकाश नारायण यांच्या १९७४ च्या बिहार आंदोलनावरून सर्व सेवा संघात तीव्र मतभेद झाले. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन धरले आणि त्या अवधीतच, जून १९७५ मध्ये, आणीबाणी आली. मौनातच त्यांनी निर्देशिलेल्या ‘अनुशासन पर्व’ या शब्दांचा सरकारी प्रचारात उपयोग झाला. अनुशासन हे आचार्यांचे असते, शासनाचे नव्हे, हा खुलासा पुढे झाला, तरी तोवर हे शब्द सर्वत्र पसरले होते. अनेक सहकारी तुरुंगात असताना त्यांचे मार्गदर्शक मौनात होते, हे शल्य सर्वोदय कार्यकर्त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिले आणि त्यात तथ्य नाही, असे म्हणता येत नाही. निवृत्ती निरपवाद होती असेही नाही. एप्रिल १९७९ मध्ये गोहत्याबंदीसाठी विनोबांनी उपोषण केले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न व औषध घेणे थांबविले. १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले आणि धामच्या काठीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. याच नदीत १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित करण्यात आला होता.