पटावरचें युद्ध आणि कंटाळ्याचा प्रश्न

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा भाचा आमच्या घरीं चार दिवस राहावयास आला होता. मीं मोठ्या हौसेनें त्याला संगणकावरील एक जुना युद्धखेळ दाखविला. ज्या खेळापायीं तरुणपणीं मीं कित्येक रात्री जागून काढल्या, तो त्यानें अर्धा तास निमूटपणें पाहिला आणि मग म्हणाला, "मामा, यांत सगळा वेळ वाट पाहण्यांतच जातो." मी मनांतून चिडलों खरा; परंतु मागाहून विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, हा आक्षेप त्याचा एकट्याचा नाहीं, आणि नवा तर मुळींच नाहीं. पाळीपाळीनें लढावयाच्या पटावरील युद्धांत रस अधिक कीं कंटाळा अधिक, हा वाद संगणकाहून पुष्कळ जुना असून मोठमोठ्या सेनाधिकाऱ्यांनीं व बुद्धिबळपटूंनीं त्यांत भाग घेतलेला आहे. त्या वादाचा इतिहास पाहिला म्हणजे उत्तराची वाटही थोडीबहुत दिसूं लागते.

या खेळांचें स्वरूप थोडक्यांत असें: एका पक्षानें आपलीं माणसें हालवावीं, मग दुसऱ्यानें, एकाची पाळी चालूं असतां दुसऱ्यानें थांबावें. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे आपलें बुद्धिबळ. चतुरंग या नांवांतच हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सैन्याचीं चार अंगें आलीं आहेत. अकराव्या शतकांत अल्-बीरूनीनें चौघांनीं फांसे टाकून खेळावयाच्या बुद्धिबळाचें वर्णन केलें आहे. परंतु जो दोघांचा खेळ पुढें जगभर रूढ झाला त्यांत फांशांना स्थान नाहीं. सारा भार बुद्धीवर. आणि बुद्धीला वेळ लागतो. १८५१ सालीं लंडन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत एका खेळीस किती वेळ घ्यावा याला बंधनच नव्हतें. इलायजा विल्यम्स नांवाच्या खेळाडूच्या संथपणाविषयीं हॉवर्ड स्टाँटन यानें कडवट तक्रार केली. त्याच विल्यम्सकडून तिसऱ्या स्थानाच्या सामन्यांत स्टाँटन हरला होता, हेंही येथें सांगितलें पाहिजे. कारण कंटाळ्याच्या तक्रारींत पराभवाचें शल्य किती असतें हें तपासून पाहणें नेहमींच बरें. पुढें वाळूचीं घड्याळें वापरण्यांत आलीं, आणि १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेंत दोन खेळाडूंसाठीं जोडघड्याळ आलें. तेव्हांपासून विचार करण्यास किंमत पडूं लागली.

बुद्धिबळांतील सैन्य उघड्यावर उभें असतें. खऱ्या रणांगणावर शत्रु दिसत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न प्रशियांत झाला. राइसवित्स नांवाच्या एका मुलकी अधिकाऱ्यानें १८१२ सालीं राजासाठीं युद्धखेळाचें एक टेबल तयार केलें होतें. त्याचा मुलगा तोफखान्यांत लेफ्टनंट होता. त्यानें १८२४ सालीं या खेळाचे नवे नियम प्रसिद्ध केले. पटाच्या जागीं १:८००० प्रमाणाचा नकाशा आला. एक पाळी म्हणजे युद्धांतील दोन मिनिटें. दोन्ही पक्षांचे सेनापति आपले हुकूम पंचाकडे देत. पंच तक्ते पाहून व फांसे टाकून कोणाचीं किती माणसें पडलीं हें ठरवी, आणि ज्याला जेवढें दिसूं शकेल तेवढेंच नकाशावर मांडी. प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग याला हा खेळ इतका पसंत पडला कीं, त्यानें साऱ्या सैन्यास त्याची जाहीर शिफारस केली.

खेळ उत्तम, पण जड होता. दोन मिनिटांचें युद्ध निकालांत काढावयास पंचाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागे, आणि तोंवर दोन्ही सेनापति स्वस्थ बसून राहत. नियम वाढत गेले तसा पंचाचा त्रासही वाढत गेला. १८७३ सालीं मेकेल या अधिकाऱ्यानें या जडपणावर टीका केली, आणि १८७६ मध्यें व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा यानें तर तक्ते आणि फांसे बाजूस ठेवावे, अनुभवी पंचानें आपल्या समजुतीप्रमाणें निकाल द्यावा, असें सुचविलें. कंटाळा गेला, परंतु त्याबरोबर एक नवी अडचण घरांत आली. तक्ता कोणाचें तोंड पाहत नाहीं. पंच हा माणूस असल्यामुळें तो पाहूं शकतो.

या अडचणीचें पुढें एक भयंकर उदाहरण घडलें, असें म्हणावें लागतें. मिडवे बेटावरील स्वारीपूर्वीं, मे १९४२ मध्यें, जपानी आरमारानें त्या मोहिमेचा युद्धखेळ मांडला होता. फुचिदा व ओकुमिया या दोन आरमारी अधिकाऱ्यांनीं पुढें लिहिलें आहे कीं, शत्रूच्या विमानांच्या हल्ल्यांत 'आकागी' व 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्याचा कौल फांशांनीं दिला. पंचाच्या जागीं असलेल्या ॲडमिरल उगाकी यांनीं लागलेल्या बाँबांची संख्या कमी करून एकच नौका बुडाल्याचें ठरविलें; आणि ती बुडालेली 'कागा'सुद्धां पुढच्या डावांत पुन्हां तरंगूं लागली. ४ जून १९४२ रोजीं खऱ्या समुद्रावर या दोन्ही नौकांवर बाँब पडले. ते कमी करणें कोणाच्याही हातीं नव्हतें.

मग संगणक आला, आणि थोरल्या-धाकट्या राइसवित्सांना हवा होता तसा पंच अखेर मिळाला. तो थकत नाहीं, तक्ते विसरत नाहीं, कोणाची मर्जी राखीत नाहीं. मीं भाच्यास दाखविलेला खेळ म्हणजे १९९४ सालचा 'एक्स-कॉम'. ज्यूलियन व निक गोलप या इंग्रज बंधूंनीं तो रचला. परग्रहावरून आलेल्या शत्रूशीं मूठभर शिपायांनीं लढावयाचें, ही त्याची कल्पना. प्रत्येक शिपायास दर पाळीस वेळेचे ठराविक अंश मिळतात. चालणें, वळणें, गुडघा टेकणें, नेम धरणें, या प्रत्येकास त्यांतून खर्च पडतो. सारे अंश खर्चून टाकले तर शत्रूच्या पाळींत शिपाई निरुपाय उभा राहतो; कांहीं राखून ठेवले तर समोर आलेल्या शत्रूवर तो त्याच क्षणीं गोळी झाडूं शकतो. रात्रीची वेळ, एक गोठा, त्याचें बंद दार, आणि शिपायाजवळ उरलेले थोडेसे अंश. दार उघडावें कीं थांबावें? येथें वाट पाहणें हाच एक निर्णय असतो, आणि तो घेतांना छातींत धडधडतें. भाच्याच्या तक्रारीस माझें पहिलें उत्तर हें आहे.

पण त्याचें म्हणणें अर्धें खरें आहे हेंही मला कबूल केलें पाहिजे. याच खेळांत लढाई जवळजवळ जिंकल्यावर एखादा शेवटचा शत्रु कोठें तरी माडीवर दडून बसतो, आणि त्याच्या शोधार्थ खोली खोली धुंडाळण्यांत पाळ्यांमागून पाळ्या जातात. प्रत्येक मोहिमेपूर्वीं शिपायांच्या हातीं शस्त्रें देत बसावें लागतें. या वेळांत ठरवावयाचें कांहींच नसतें. केवळ हात चालवावयाचे असतात. प्रशियाचा पंच तक्ते चाळीत बसे तो हाच वेळ. २०१२ सालीं हा खेळ नव्यानें रचला गेला तेव्हां वेळेच्या अंशांचा हिशेब काढून टाकून प्रत्येक शिपायास दर पाळीस मुख्यतः दोन कृतीच ठेविल्या. या फेरफारानें जुन्या खेळाडूंपैकीं कित्येक हळहळले. मला तो बव्हंशीं योग्य वाटतो.

मात्र कंटाळ्याचें दुसरें एक कारण आहे, आणि त्याचा दोष मीं खेळावर ढकलूं नये. तरुणपणीं वसतिगृहांत हा खेळ खेळतांना मीं शिपायांना माझ्या मित्रांचीं नांवें दिलीं होतीं. एके रात्रीं माझ्या खोलींत राहणाऱ्या मित्राच्या नांवाचा शिपाई माझ्याच उतावळेपणानें मेला. दोन पावलें अधिक चालविला, एवढेंच. डाव जतन करून ठेवण्याची सोय असल्यामुळें मीं तो मागें नेला. पुन्हां मेला, पुन्हां मागें नेला. पांचव्या खेपेस तो वांचला, आणि पुढें प्रत्येक मृत्यूच्या वेळीं मी हेंच करूं लागलों. आठवडाभरांत त्या बंद दारांपुढील धडधड नाहींशी झाली, आणि खेळ मीं सोडून दिला. तेव्हां मला वाटलें, खेळच कंटाळवाणा झाला. मिडवेची हकीकत पुढें वाचली तेव्हां कळलें कीं, बुडालेलें जहाज तरंगविणारा उगाकी माझ्याच खुर्चींत बसला होता.

हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांनाही सुटलेला नाहीं. १९९० सालीं जपानांत निघालेल्या 'फायर एम्ब्लेम' या खेळांत मेलेला योद्धा परत येत नसे. त्याच मालिकेंतील २०१० सालच्या खेळांत, पडलेले योद्धे लढाईनंतर परत येतील असा सौम्य प्रकारही निवडण्याची मोकळीक दिली गेली. उलट २०१२ च्या 'एक्स-कॉम'मध्यें एकच जतन केलेला डाव ठेवून माघारीची वाट बंद करणारा कडक प्रकार मुद्दाम ठेविलेला आहे. सौम्य प्रकार खेळणाऱ्यांस मी हंसत नाहीं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर करमणूक हवी असली, आणि एका चुकीनें महिन्याची मेहनत वायां जाऊं नये असें त्याला वाटलें, तर त्यांत गैर काय? परंतु ज्याला या खेळांतील खरी गोडी चाखावयाची आहे त्यानें नुकसान पत्करलें पाहिजे, असें माझें मत आहे. निर्णयावांचून श्रम असले तर कंटाळा येतो, आणि परिणामावांचून निर्णय असले तरीही येतो. पहिल्याचें औषध रचणाराच्या हातीं आहे, दुसऱ्याचें खेळणाराच्या.

निघण्याच्या आदल्या दिवशीं मीं भाच्याला तोच खेळ पुन्हां मांडून दिला. अट एकच, मागें फिरावयाचें नाहीं. त्यानें एका शिपायाला आपल्या धाकट्या बहिणीचें नांव दिलें. जेवणाचीं पानें वाढलीं तेव्हां मीं त्याला हांक मारावयास गेलों. पडद्यावर एक बंद दार होतें, आणि तो हनुवटीखालीं हात घेऊन त्याकडे टक लावून बसला होता. "मामा, जरा थांबा ना," तो म्हणाला. मी थांबलों. आमटी निवली.