सुनेचा हात धरणारी सासू

आज पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाच्या लेखिका अमा अटा आयडू यांच्याविषयी. त्यांच्या वडिलांनी गावात पहिली शाळा काढली होती. विद्यापीठात शिकताना आयडूबाईंनी लिहिलेलं पहिलं नाटक १९६४ साली रंगमंचावर आलं. त्यात मुलगा अमेरिकेहून बायको घेऊन येतो. मूल एवढ्यात नको, असं दोघांनी ठरवलेलं. पण घरचे सुनेलाच वांझ म्हणतात आणि नवरा गप्प! आपल्याला हे काही नवीन नाही. खरं कळल्यावर तिला हाताला धरून घरात नेते ती सासूच.

१९८२ मध्ये आयडूबाई शिक्षणमंत्री झाल्या. शिक्षण सगळ्यांना मोफत करता येईना, तेव्हा साधारण दीड वर्षात त्यांनी खुर्ची सोडली. पुढे त्यांनी आफ्रिकेतल्या लेखिकांसाठी ‘म्बासेम’ ही संस्था काढली. म्बासेम म्हणजे बायकांच्या गोष्टी.