९८.६ हा आकडा आला कुठून?

आपल्या घरात तापमानाच्या दोन पट्ट्या सुखाने नांदतात. बाहेरचा उन्हाळा आपण सेल्सिअसमध्ये मोजतो आणि अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये. जळगावचा पारा ४४ वर गेल्याचं टीव्हीवर ऐकतो आणि त्याच संध्याकाळी पोराला १०२ ताप आहे म्हणून दवाखाना गाठतो. आकडे पाठ असल्यामुळे गोंधळ होत नाही. त्यातला सगळ्यांत पाठ आकडा म्हणजे ९८.६. थर्मामीटरने ९९ दाखवलं की "डॉक्टर, अंगात कसर आहे" असं पेशंट ठामपणे सांगतात. म्हणून आज या आकड्याची कुळकथा.

डॅनियल फॅरनहाइटचा जन्म १६८६ सालचा, आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातला. हयात गेली हॉलंडमध्ये, उपकरणं बनवण्यात. १७२४ साली त्याने आपली पट्टी मांडली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला ०, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या तोंडातल्या किंवा काखेतल्या उष्णतेला ९६. म्हणजे खुद्द फॅरनहाइटच्या हिशोबात माणूस ९६ चा होता! पुढे पाणी उकळण्याचा बिंदू २१२ वर पक्का केला गेला, तेव्हा आपण थोडे वर सरकलो.

स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली शंभर अंशांची पट्टी काढली, पण उलटी: उकळतं पाणी ० आणि बर्फ १००. काही वर्षांतच ती सुलटी झाली.

आता खरी गोष्ट. जर्मनीत लाइपझिगला कार्ल वुंडरलिश नावाचे डॉक्टर होते. तोवर ताप बघायचा म्हणजे कपाळाला हात लावायचा. या गृहस्थांनी सुमारे २५,००० रुग्णांचं तापमान पुन्हा पुन्हा मोजलं आणि १८६८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचा थर्मामीटर जवळपास फूटभर लांब, काखेत पंधरा-वीस मिनिटं धरावा लागे. (आजचा रुग्ण एका मिनिटात "झालं का?" विचारतो.) निरोगी माणसाचं तापमान त्यांनी ३७ अंश सेल्सिअस सांगितलं; पहाटे ते कमी असतं, संध्याकाळी वाढतं, हेही नोंदवलं. ३७ हा सोयीचा, पूर्ण आकडा.

मग इंग्रजीत त्याचा फॅरनहाइट झाला. ३७ गुणिले १.८ म्हणजे ६६.६, अधिक ३२, उत्तर ९८.६. गडबड झाली ती इथे. ३७ ऐकलं की माणूस "साधारण ३७" समजतो, ९८.६ ऐकलं की वाटतं, कुणीतरी अगदी दशांशापर्यंत मोजून ठेवलंय. तो दशांश गुणाकारातून आलाय, माणसाच्या अंगातून नव्हे. ब्रिटनमध्ये तर बराच काळ ९८.४ नॉर्मल मानत.

१९९२ साली अमेरिकेत मेरीलँडच्या डॉक्टरांनी १४८ निरोगी प्रौढांचं तोंडातलं तापमान मोजलं. सरासरी निघाली ९८.२, आणि नॉर्मलची वरची मर्यादा पहाटे ९८.९, तर दिवसभरात ९९.९. तेव्हा जेवून, जिना चढून, संध्याकाळी सहाला ९९ आलं तर क्रोसिन शोधू नका. मात्र रोज संध्याकाळी कसर येतेय, दोन आठवडे खोकला आहे, वजन उतरतंय, तर आकडा लहान असला तरी टीबीची तपासणी करायलाच हवी.

मुलं-नातवंडं युरोपात असतील तर आणखी एक लक्षात ठेवा. फोनवर "काल ३८ होता, आज ३९ आहे" ऐकून 'एकच अंश वाढला' असं आजीला वाटतं. सेल्सिअसचा एक अंश म्हणजे आपले जवळपास दोन, ताप १००.४ वरून १०२.२ वर गेलेला असतो. ४० म्हणजे १०४. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ३८, म्हणजेच १००.४, दिसताच घरी औषध देत न बसता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं, रात्र असली तरी.

डिजिटल थर्मामीटर अचानक ३७ वगैरे दाखवू लागला तर तो बिघडलेला नसतो. बहुतेक वेळा पट्टी बदललेली असते. आकड्याशेजारचं बारीक सी किंवा एफ अक्षर आधी बघा.