पाचपुते, प्रभाकर

(१९८६ – ). समकालीन भारतीय चित्रकार व शिल्पकार. कोळशाच्या खाणी, त्यांनी गिळलेली शेतजमीन आणि या दोहोंच्या कचाट्यात सापडलेला श्रमिक हा त्यांच्या कलेचा स्थायी विषय होय. जन्म चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तहसिलीतील सास्ती या गावी.

नागपूरच्या महसुली विभागात मोडणारा आणि पूर्वी निजामाच्या अमलाखाली असलेला हा मुलूख वर्धा नदीच्या खोऱ्यातील गोंडवनी कोळशाच्या थरांवर वसलेला आहे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर १९७५ मध्ये स्थापन झालेल्या व या भागात ‘वेकोलि’ या संक्षिप्त नावानेच सर्वतोमुखी असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीचे मुख्यालय नागपुरास आहे. खुल्या खाणीत कोळशावरची माती व खडक उपसून त्यांचे डोंगराएवढे ढिगारे रचले जातात आणि गावाची शिवारे, पांदणी व विहिरी क्रमाने नाहीशा होतात. जमीन संपादन झालेल्या खातेदाराच्या घरी मोबदल्यासोबत पुष्कळदा खाणीतील नोकरीही येते. त्यामुळे बापाने ज्या शेतात नांगर धरला, त्याच शेताच्या पोटात मुलगा कपाळी दिवा बांधून उतरतो. पाचपुते यांच्या घराण्याचा खाणीशी तीन पिढ्यांचा संबंध असल्याने ही विपरीत परंपरा त्यांच्या चित्रांत ऐकीव वार्तेसारखी न येता घरच्या आठवणीसारखी येते.

खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयातून शिल्पकलेची पदवी (२००९) व बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातून पदव्युत्तर पदवी (२०११) त्यांनी घेतली. त्यांचे प्रमुख साधन चारकोल, म्हणजे जाळलेल्या लाकडाचा कोळसा. भूगर्भात कोट्यवधी वर्षे दबलेले अरण्य आणि चित्रकाराच्या बोटांत चुरणारी जळकी काडी यांचे कूळ एकच, हे ध्यानी घेतले म्हणजे या निवडीतील औचित्य उमगते. दालनाच्या भिंतीवर ते प्रत्यक्ष रेखाटन करतात आणि प्रदर्शन संपताच ते पुसले जाते. एखादे गाव नकाशावरून पुसले जावे, तसे. त्यांच्या मनुष्याकृतींना मस्तकाच्या जागी दिवा, यंत्र वा अवजार असते. कोणी पाठीवर भूमीचा तुकडाच वाहून नेत असतो. मात्र श्रमिकाला केवळ करुणेचा विषय करण्याचा सोपा मार्ग त्यांनी कोठेही पत्करलेला नाही, आणि हेच त्यांचे खरे सामर्थ्य मानले पाहिजे.

२०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाऊस येथे भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनाच्या नावात खाणीतील कॅनरी पक्ष्याचा निर्देश होता. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून ब्रिटनमधील खाणकामगार हा पक्षी सोबत नेत. ती प्रथा मोडीत काढण्याचा निर्णय पाचपुते यांच्या जन्मवर्षीच, १९८६ मध्ये, व्हावा हा विलक्षण योगायोग होय. पुढे साओ पावलो (२०१४), इस्तंबूल (२०१५), कोची (२०१८) व व्हेनिस (२०२२) येथील द्वैवार्षिक कलाप्रदर्शनांत त्यांची कामे मांडली गेली. वेल्समधील कार्डिफ येथील आर्टेस मुंडी हा पुरस्कार २०२१ मध्ये सहा कलावंतांना विभागून देण्यात आला; त्यांत ते एक होते. या पुरस्कारानिमित्तच्या प्रदर्शनासाठी त्यांनी वेल्समधील खाणकामगारांच्या लढ्यांचा व त्यांच्या निशाणांचा अभ्यास केला आणि फलक-पताकांसारखी भासणारी मोठी चित्रे सिद्ध केली. ज्या वेल्समधील बहुतेक खाणी एव्हाना बंद पडल्या, तेथील कामगारांच्या स्मृतीशेजारी, जेथे खणणे अद्याप चालूच आहे अशा वर्धाखोऱ्याची वेदना उभी करणे, यात केवळ कल्पकता नाही. मोठी सहानुभूतीही आहे.

वर निर्दिष्ट केलेल्या प्रदर्शनस्थळांपैकी एकही विदर्भातील नाही. सास्तीच्या जमिनींचे कागद ज्या नागपुरातील दप्तरांत पोहोचतात, त्या शहरातील रसिकांसमोर ही रेखाटने भिंतभर मांडली जावीत, अशी अपेक्षा या नोंदीच्या लेखकास येथे नमूद करावीशी वाटते.