पद्मिनीची क्लच प्लेट

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा इतिहास वालचंद हिराचंदांपासून सांगतात. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, मग कुर्ल्याचा कारखाना, 1964 पासून फियाट 1100 डिलाइट, 1974 पासून त्याच गाडीचं नाव पद्मिनी. ते खरंच आहे. पण ती गाडी वर्षानुवर्षं चालती ठेवली फूटपाथवरच्या आम्हा मिस्त्रींनी, आणि त्याची नोंद कुठे नाही.

टॅक्सी एक, ड्रायव्हर दोन. दिवसपाळीचा आणि रातपाळीचा. त्यातल्या एकाचा पाय क्लचवरून उठतच नसे. मग तक्रार यायची, ‘मिस्त्री, पेडर रोडच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी ओढत नाही.’

आधी पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, बघायचा. प्ले संपला की बेअरिंग सतत दाबून राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे गरिबाला लुटणं. प्ले ठीक असेल तर हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर प्लेट शाबूत. चालूच राहिलं तर प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, गाडीखाली उताणं पडून गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा.

प्लेट हातात आली की नजर रिव्हेटवर. लायनिंग झिजून रिव्हेटच्या डोक्याला टेकलं असेल तर रिव्हेटची डोकी फ्लायव्हीलवर चर पाडतात. लायनिंग तेलकट असेल तर आधी ऑइल सील बदलायचं, नाहीतर नवी प्लेटही तशीच जाते. जुनी प्लेट टाकून देत नसत. रिव्हेट काढून तिच्यावर नवं लायनिंग मारून घेत. बसवताना जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट घालून प्लेट मधोमध धरायची, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे.

त्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. आतली काळी भुकटी आम्ही तोंडाने फुंकून उडवायचो, शेजारी पोऱ्या बसलेला असायचा. नाकाला फडकं बांधा, असं सांगणारं कोणी नव्हतं. ती भुकटी फुप्फुसात बसते आणि रोग पुष्कळ वर्षांनी उठतो. टॅक्सीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी निदान हे तरी लिहावं.

टॅक्सीच्या वयाची 20 वर्षांची मर्यादा भरली आणि ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनीही टॅक्सी म्हणून बंद झाली. आताच्या टॅक्सीला प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा अख्खा सेट खोक्यातून येतो. जुना थेट भंगारवाल्याकडे जातो.